शिंगांचे मासे

मालेगावच्या स्टँडवर मी रिसोडच्या गाडीची वाट पाहत होतो. शेजारी एक म्हातारबुवा मांडीवर कागद ठेवून जलरंगात समुद्र रंगवत होते. ब्रश बाटलीच्या झाकणातल्या पाण्यात बुडवायचा आणि धोतराला पुसायचा, असं चाललं होतं.

असले मासे कुठल्याच समुद्रात नसतील. पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ आणि डोक्यावर लालभडक शिंगं.

"बाबा, माशाले शिंगं कायले?" मी हसून विचारलं.

ते हसले नाहीत. "पोळ्याले साऱ्या गावच्या बैलाईचे शिंगं मीच रंगवत होतो. आता गावात एकबी बैल नाई राह्यला, सारे इकले. मंग सजवू कोनाले?" एका शिंगाच्या टोकाला त्यांनी पिवळा ठिपका दिला. "याईले तरी कोनी बाजारात नेत नाई."

आमच्या गावात पोळ्याला ट्रॅक्टरला हार घालून तोरणाखाली उभा करतात, वर फोटोही काढतात.

गाडी लागली. त्यांनी फुंकर घालून चित्र वाळवलं आणि गुंडाळलं. कागद जुन्या कॅलेंडरचा होता. मासे आत गेले, आणि बाहेरच्या गुळगुळीत बाजूवर नवाकोरा ट्रॅक्टर चमकत राहिला.