आमच्या गल्लीतला फौजदार

विलास कुणाच्याही घरी गेला की आधी डोक्यावरची टोपी काढायचा आणि समोरच्या टेबलावर ठेवायचा. टेबल नसेल तर स्टुलावर, स्टूल नसेल तर स्वतःच्या मांडीवर. पण टोपीवरचं चिन्ह कायम समोरच्या माणसाकडे वळवलेलं. मग रुमालाने मान पुसत म्हणायचा, "पाणी द्या थोडं. ड्यूटीवर शे." पाण्यामागून चहा यायचाच, आणि तोवर घरचा कर्ता माणूस खुर्ची सोडून उभा राहिलेला असायचा.

त्याला मी एकेरीत लिहिते आहे. अहोजाहो त्याने आमच्याकडून जन्मभर पुरेल एवढं उकळलं आहे.

शहाद्याला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं घर. अब्बांचं गाद्या-रजयांचं दुकान. मी शिक्षिका. बरीच वर्षं वर धडगावच्या डोंगरात शिकवलं, म्हणून मला पावरी समजते आणि मोडकीतोडकी बोलताही येते. माझी बदली खाली झाली त्याच सुमारास समोरच्या खोलीत हा भाडेकरू आला. दोरीवर खाकी पँट वाळत घातलेली बघून अम्मी खूश झाली. "अपनी गल्ली में फौजदार आया, अब चोरी का डर नहीं," असं तिने दोन-चार घरी जाऊन सांगितलंही. अब्बांनी त्याला नवी गादी भरून दिली.

आणि तो वागायचाही तसाच. कोपऱ्यावरचा एक जण दारू पिऊन बायकोला मारायचा. विलासने त्याला अंगणात बोलावलं, तोंडातून शब्दही न काढता बराच वेळ उभं ठेवलं आणि घरी पाठवलं. त्यानंतर बरेच दिवस त्या घरातून आवाज आला नाही. "खाकीले आवाज चढावना गरज नही, बाई," तो मला म्हणाला, "ती दिसनी तरी पुरे शे." पोलीस ठाण्यात तो कधी दिसत नाही असं कुणी म्हणालं, तर उत्तर ठरलेलं असायचं : "मी विशेष शाखामा शे. आमनं नाव बोर्डवर ऱ्हात नही." हे तो इतक्या हळू आवाजात सांगायचा की ऐकणाऱ्याला आपण सरकारच्या गुपितात सामील झाल्यासारखं वाटायचं.

टपरीवाले त्याच्याकडून पैसे घेत नसत. जीपवाले त्याला पुढची सीट देत. इतकंच असतं तर मीही आज बाकीच्यांसारखी हसले असते. पण मला ठुमलीबाई भेटली होती.

ठुमलीबाई तोरणमाळच्या पलीकडच्या एका पाड्यावरची. दिवाळी झाली की त्यांचं घर ऊसतोडीला गुजरातेत उतरायचं. अशाच एका हंगामात तळावरून तिची मोठी मुलगी सुरती नाहीशी झाली. पंधरा-सोळा वर्षांची पोर. मुकादमाने हात वर केले. नवरा-बायको तिला शोधत फिरले आणि शेवटी परत आले. पोलिसांत सांगायचं म्हणून ठुमलीबाई एकटी शहाद्याला आली. बसस्टँडवर उतरली, समोर खाकीतला माणूस दिसला, त्याच्याकडे जाऊन रडली. तो विलास होता.

तो तिला कँटीनमध्ये घेऊन गेला. चहा पाजला. तिच्या मोडक्या मराठीतलं सगळं नीट ऐकून घेतलं. सुरतीचा एकुलता एक फोटो तिच्याकडे होता, तो त्याने 'सगळ्या ठाण्यांना पाठवायचा आहे' म्हणून ठेवून घेतला. आणि बजावलं, "माय, तू ठाणामा जाऊ नको. गाजावाजा व्हयना का मुकादम पोरले आखो दूर लई जाई. तुन्ही पोर ती मन्ही आंडेर. मी शे ना."

त्यानंतर ती दर काही दिवसांनी, बाजाराच्या दिवशी, डोंगर उतरून यायची. कधी मध, कधी आमचूर, कधी कोंबडी घेऊन. विलास खोलीवर नसला की माझ्या ओट्यावर बसायची, कारण गल्लीत तिची भाषा कळणारी मी एकटीच होते. तो आला की ती आधी त्याची खोली झाडायची, त्याचे कपडे धुवायची. ती खाकीसुद्धा. हातांनी घासून घासून धुवायची. मग तो खुर्चीत बसून सांगायचा, "तपास चालू शे, माय." एकदा म्हणाला, पोरगी सुरतेकडे दिसली. एकदा म्हणाला, आपला माणूस तिच्या मागावर आहे, आता फार दिवस नाहीत. मी तपासाबद्दल विचारलं की तो एकदम शुद्ध बोलायचा : "मॅडम, तपासातल्या गोष्टी बाहेर बोलायच्या नसतात."

तो तिच्याशी गोड वागायचा, हेच मला आज सहन होत नाही. त्याने तिला हाकललं असतं, दोन शिव्या दिल्या असत्या, तर ती पुढच्या दाराला गेली असती. दोन गल्ल्या ओलांडल्या की ठाणं होतं. त्या गोडव्यानेच तिला त्याच्या दाराशी बांधून ठेवलं. अशी वर्षं गेली. सुरतीचा बाप खाटेला खिळला आणि गेला.

मागच्या हिवाळ्यात ठुमलीबाई धापा टाकत आली. तिचा भाचा गुजरातेतून परतला होता. एका वीटभट्टीवरच्या बाईच्या तोंडी त्याने सुरतीचं नाव ऐकलं होतं. विलासच्या दाराला कुलूप होतं. ती बसेना, उठेना, दारापुढे येरझाऱ्या घालत राहिली. शेवटी मी म्हणाले, चल, ठाण्यातच जाऊ, तिथून त्यांना निरोप देतील.

ठाण्यात एक तरुण बाई अधिकारी होत्या. ठुमलीबाईने हात जोडून आपल्या मोडक्या मराठीत सांगितलं, "आमच्या सायबाला बोलवा. विलास सायेब."

"कोण विलास साहेब?"

मी वर्णन केलं. विशेष शाखेत आहेत, असंही सांगितलं. मॅडमनी शेजारच्या जुन्या हवालदारांकडे पाहिलं, त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग मॅडमनी सुरतीचं नाव विचारलं, गाव विचारलं, आत जाऊन शोधून आल्या. खुर्चीवर न बसता त्या ठुमलीबाईच्या शेजारी बाकावर बसल्या.

"मावशी, तुमच्या मुलीची तक्रार इथे कधी आलेलीच नाही. आणि असा कुणी साहेब पोलिसांत नाही."

मी ते पावरीत सांगितलं. मला दोनदा सांगावं लागलं. ठुमलीबाई रडली नाही. तिने मलाच विचारलं, "मग एवढे दिवस माझ्या पोरीला कोण शोधत होतं?"

ते वाक्य मी मराठीत करून मॅडमना सांगितलं.

त्याच दुपारी त्याला बसस्टँडच्या कँटीनमधून उचललं. टेबलावर टोपी होती, समोर एक म्हातारं जोडपं उभं होतं. खोलीत शिक्के सापडले, दोन गणवेश सापडले. सुरतीचा फोटो सापडला नाही.

आणि मग लोक हसले! टपरीवर, जीपमध्ये, शाळेच्या स्टाफरूममध्येसुद्धा. काय डोकं लावलं पठ्ठ्याने, खऱ्या पोलिसांना चहा पाजत होता म्हणे. नंतर हसू ओसरलं आणि दया आली. तो लहानपणापासून पोलीस व्हायचं म्हणत होता, भरतीला गेला, दरवेळी छातीत कमी पडला. कोपऱ्यावरची ती मार खाणारी बाईही मला म्हणाली, "बिचारा! कोणं काय बिघाडं त्यानी?" मी तिच्याशी भांडले. माझं गल्लीशी अजून नीट बोलणं नाही, आणि त्याची मला खंत नाही. भरतीत नापास झालेली हजारो पोरं केळीच्या बागेत राबतात, रिक्षा चालवतात. कुणी एखाद्या आईला दारात बसवून तिच्याकडून कपडे धुऊन घेत नाही.

मॅडमनी तक्रार लिहून घेतली आणि ठुमलीबाईला सोबत घेऊन गुजरातेत गेल्या. भाषेसाठी मीही गेले. खांडबाऱ्याहून रेल्वेगाडीत बसलो. वीटभट्टीवरची ती बाई भेटली. तिला सुरती चांगली आठवत होती. दुसऱ्या एका मुकादमाने पोरीला तिथे आणून टाकलं होतं, बाहेर जाऊ देत नसत. दोन पावसाळे ती तिथेच होती. रस्त्यावर जीपचा आवाज आला की विटा टाकून उभी राहायची. म्हणायची, माझी आई पोलीस घेऊन येणार आहे. तिसऱ्या हंगामाआधी तिला ट्रकमध्ये घालून कुठे नेलं, ते कुणाला माहीत नाही.

परतीच्या गाडीत ठुमलीबाई खिडकीला डोकं टेकून बसली होती.

यंदा उन्हाळ्यात विलास जामिनावर सुटून खोलीतलं सामान न्यायला आला. चेक्सचा शर्ट, पायात स्लिपर. ठुमलीबाई माझ्या ओट्यावर होती. सुरतीसाठी मॅडमचा तपास अजून चालू आहे, त्यासाठी ती येते. त्याने तिला पाहिलं आणि पळून न जाता तो जवळ आला, हे मी सांगितलंच पाहिजे. हात जोडून म्हणाला, "माय, मी कोणले हात लावा नही. मन्हा मनमा पाप नव्हतं."

ठुमलीबाईने मला म्हटलं, "याला विचार, एकदा तरी कुणाकडे माझ्या पोरीची चौकशी केली होती का? एकदा तरी?"

मी विचारलं. त्याने खोलीच्या दाराकडे पाहिलं. मी पुन्हा विचारलं, आणि माझा आवाज साऱ्या गल्लीला ऐकू गेला असेल.

"नही," तो म्हणाला.

तिला भाषांतराची गरज पडली नाही. ती हळूहळू बोलत गेली, मी शब्दाला शब्द त्याला सांगत गेले. "तिचा बाप मरताना विचारत होता. मी सांगितलं, पोलीस तिच्या मागावर आहेत, आता फार दिवस नाहीत. तू सांगितलं होतंस तेच सांगितलं. तो हसून गेला. याचं मी काय करू, ते आता तू सांग."

त्याने खाली वाकून तिच्या पायांना हात लावायला पाहिलं. ठुमलीबाईने दोन्ही पाय ओट्यावर ओढून घेतले आणि लुगड्याखाली झाकले. तो तसाच वाकलेला राहिला. ती मात्र त्याच्याकडे पाहत नव्हती. मला विचारत होती, मॅडम आज किती वाजता भेटतील.