डावीकडे कोण बघणार?

आमच्या पहिल्या गाडीत काय काय नव्हतं हे मी सांगायला लागले, की माझी भाची पाचव्या मिनिटाला मोबाईल काढून बसते. तिच्या गाडीला मागे कॅमेरा, पुढे कॅमेरा, आणि भिंत जरा जवळ आली की टीं टीं टीं करून बोंबलायला सुरुवात. असू दे बाई. आमच्या गाडीत बोंबलायला माणसं होती!

घाटकोपर पश्चिमेला चौथ्या मजल्यावर राहायचो आम्ही. बाबा कुर्ल्याच्या एका कारखान्यात फोरमन, आई शाळेत मराठी शिकवायची. बाबांनी गाडीचा नंबर लावला तेव्हा मी पाचवीत होते, आणि गाडी दारात आली तेव्हा आठवीत. मधल्या काळात आम्ही ती गोष्ट विसरूनही गेलो होतो. गाडी छोटीशी, पांढरी, आणि स्टॅन्डर्ड. या स्टॅन्डर्ड शब्दाचा मला आधी फार अभिमान वाटला. स्टॅन्डर्ड म्हणजे दर्जेदार, अशी माझी समजूत. तळमजल्यावरच्या शेठनी त्याच आठवड्यात तीच गाडी डीलक्स आणली आणि माझा अभिमान एका दमात उतरला.

त्यांच्या गाडीत थंड हवा यायची. आमच्या गाडीत थंड हवा यायच्या जागी एक काळी प्लास्टिकची पट्टी होती. त्यांच्याकडे कॅसेट वाजायची. आमच्याकडे कॅसेटच्या जागी चौकोनी भोक आणि त्यावर झाकण. आईने त्या झाकणावर गणपतीचा फोटो चिकटवला, तेव्हा कुठे ते भोक सत्कारणी लागलं. घड्याळ नाही, मागच्या काचेला वायपर नाही, उन्हाला आडवी करायची झडप फक्त ड्रायव्हरच्या डोक्यावर. आई डाव्या सीटवर पदर कपाळावर ओढून बसायची. रस्त्यावरच्या लोकांना वाटायचं, काय घरंदाज बाई आहे!

आणि डाव्या दाराला आरसा नव्हता. उजव्या दाराला होता. डाव्या दाराला नुसतं दार.

शेठ एकदा सहज म्हणाले, "अरे भाऊ, एक आरसा तरी लावून घे ने." बाबांनी त्यांना जे उत्तर दिलं ते आख्ख्या बिल्डिंगला पाठ झालं होतं. "जे नाहीच, ते बिघडणार कसं?" दिवसभर कारखान्यात बिघडलेलीच यंत्रं बघणारा माणूस तो. कंपनीने दिलंय त्यात स्क्रूसुद्धा जास्तीचा बसवायचा नाही, असा त्यांचा पण होता. मग गाडीत नसलेल्या सगळ्या वस्तूंच्या जागी आमची भरती झाली. माझ्या हातावर वाढदिवसाचं घड्याळ होतं, म्हणून मी घड्याळ. मी मागे बसायचे, म्हणून मागचा वायपरही मीच. "काच पूस गो," असा हुकूम आला की सीटवर गुडघे टेकून, जुन्या गंजीफ्रॉकच्या फडक्याने काच पुसायची. आणि आई म्हणजे डावा आरसा.

हे काम तिनं काय झकास केलं, काय सांगू! खिडकीतून मान बाहेर काढून ती आग्रा रोडचं धावतं वर्णन करायची. "थांबा, हातगाडी. थांबा. रिक्षा घुसतोय मेला. जाऊ द्या त्याला. सायकल... सायकल... हां, डावी मोकळी, घ्या!" हे "डावी मोकळी, घ्या" कानावर पडलं की बाबा डोळे झाकून गाडी डावीकडे घ्यायचे. पुढे पुढे तर त्यांनी डावीकडे बघणंच सोडून दिलं. दोन वर्षांत त्यांची मान त्या बाजूला वळलेली मी पाहिली नाही.

तर अशा या आईच्या मनात आलं, की आपणही गाडी शिकावी.

मोटार ट्रेनिंग स्कूलचा फॉर्म तिनं स्वतः आणला, सुरेख अक्षरात भरला, फोटोसुद्धा चिकटवला. सकाळी चहाच्या वेळी तो बाबांसमोर ठेवला आणि म्हणाली, "मे महिन्याची सुट्टी आहे. शिकून घेते." बाबांनी फॉर्म वाचला. मग त्याच्यावर चहाचा कप ठेवला.

"तुका काय करूचा आसा गाडी शिकान?" बाबा एरवी आमच्यासारखंच बोलायचे, पण चिडले किंवा घाबरले की मालवणी यायची. "आणि तू इकडे बसलीस, तर डावीकडे कोण बघणार?"

"तुम्ही बघा."

"मी? अगं, बायकांना रस्त्याचं भान नसतं. उगाच काहीतरी होऊन बसेल."

आईने कप उचलला. फॉर्मवर तिच्या फोटोच्या गळ्याभोवती चहाचा गोल डाग पडला होता. तिनं तो पदराने टिपला, फॉर्मची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि बाबांशी बोलणं बंद केलं.

मी तिचे बरेच अबोले पाहिलेत, पण हा फार वाईट होता. आधीच्या अबोल्यांत भांडी तरी आपटायची; या वेळी भांडीसुद्धा गप्प. माझा मात्र पोस्टमन झाला. "तुझ्या बाबांना सांग, डबा भरलाय." "तुझ्या आईला सांग, मीठ नाही." मला दोघांचाही राग यायचा. खरं सांगायचं तर बाबांचा जास्त. दोन वर्षं जिच्या डोळ्यांनी गाडी चालवली, तिलाच म्हणे भान नाही!

अबोल्याच्या चौथ्या दिवशी आतेबहिणीचं लग्न होतं. हॉल भांडुपला, आग्रा रोडवरून डावीकडे आत. मुहूर्त बारा वाजून तेवीस मिनिटांचा, आणि बाबा मुलीचे एकुलते एक मामा. मामाने हाताला धरून आणल्याशिवाय नवरी बोहल्याकडे पाऊल टाकत नाही. आत्याने आठ दिवस आधीपासून बजावून ठेवलं होतं, "दादा, तू येळेर ये हां."

रुखवत आईने केलं होतं. मागच्या सीटवर पुठ्ठ्यांची खोकी छतापर्यंत रचलेली, त्यांत मी कशीबशी अंग चोरून बसलेले आणि मांडीवर खोबऱ्याचं तुळशीवृंदावन. बाबांच्या डोक्यावरच्या आरशात त्यांना फक्त लाडवांचं खोकं दिसत होतं. गाडी सुटली तेव्हा साडेअकरा झाले होते. जेमतेम पंधरा मिनिटांचा रस्ता. आई डाव्या सीटवर ताठ, नजर समोर, पर्स मांडीवर.

भांडुप आलं. बाबांनी डावा इंडिकेटर दिला. तो मात्र आमच्या गाडीत होता. टिक टिक टिक टिक. गाडी हळू केली. बाबा वाट बघत राहिले. नेहमीचा आवाज काही येईना.

"तुझ्या आईला विचार, डावीकडे कोण आहे का."

"आई, डावीकडे कोण आहे का?"

"तुझ्या बाबांना सांग, मला काय कळणार? बायकांना रस्त्याचं भान नसतं."

बाबांनी मान वळवून पाहिली. अर्धी वळली आणि पुढे खोकी आडवी आली. डावीकडून कोणीतरी कचकचून हॉर्न मारला, मागून बस अंगावर आली, आणि बाबांनी घाबरून गाडी सरळ नेली. आमच्या डोळ्यांदेखत हॉल गेला. कमान, केळीचे खांब, दारात सनईवाले, सगळं गेलं.

"पुढून वळू," बाबा म्हणाले.

पुढची गल्ली गेली. त्याच्या पुढचीही गेली. इंडिकेटर टिक टिक करतोय, आख्ख्या आग्रा रोडला वाटतंय हे आता वळतील, मग वळतील, आणि आम्ही सरळच्या सरळ. मला हसू येत होतं आणि रडूही. "पावणेबारा," मी म्हटलं. घड्याळाचं काम करायलाच हवं होतं. "बाराला दहा कमी."

अशा थाटात आम्ही मुलुंडच्या जकात नाक्यावर पोचलो. तिथे मात्र उजवीकडून वळसा घेता आला आणि बाबांचा चेहरा खुलला. "परत जाताना हॉल उजव्या हातालाच येतो! तुझ्या आईला सांग, आपलं कोणावाचून अडत नाही."

हे बोलायला आणि गाडी लॉऱ्यांच्या रांगेत शिरायला एकच गाठ पडली. मुंबईत माल घेऊन जाणाऱ्या लॉऱ्या जकात भरायला उभ्या होत्या. पुढे लॉरी, मागे लॉरी, उजवीकडे दुभाजक. छोट्या गाड्या डावीकडच्या मोकळ्या पट्ट्यातून सुसाट चालल्या होत्या. तिकडे जायचं तर डावीकडेच घ्यायला हवं होतं. आणि डावीकडे लॉऱ्यांची आणखी एक रांग होती.

"बारा," मी म्हटलं. "बारा दोन." आम्ही हातभर पुढे सरकलो. "बारा चार."

"बस कर गो!" बाबा ओरडले. लग्नाचा नवा सदरा पाठीला चिकटला होता. "पोरगी थांबलेली असेल रे देवा," ते म्हणाले, "माझी वाट बघत." आतेबहीण लहान असल्यापासून त्यांच्या खांद्यावर बसून वाढलेली. त्यांच्यावरचा राग कुठे गेला कोण जाणे.

चार दिवसांत पहिल्यांदा बाबा थेट आईशी बोलले. "अगं, बघ ना डावीकडे. मला नाही दिसत गं."

आई हलली नाही. "बायकांना भान नसतं ना?"

"मी म्हटलं ते. गाढवपणा केला. भान तुलाच आहे, मला नाही. तू गाडी शिक. उद्यापासून शिक. मी बघीन डावीकडे."

"नक्की?"

"आईशपथ."

आईने मागे वळून मला विचारलं, "किती वाजले?"

"बारा सात."

मग जे झालं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. आईने पर्स पायाशी टाकली, पदर कमरेला खोचला आणि कमरेपर्यंत खिडकीच्या बाहेर गेली. पैठणी नेसलेली, अंबाड्यावर गजरा, आणि हात ट्रॅफिक हवालदारासारखा वर. "ओ भाईसाब! रुको! जरा पीछे लो! लडकी का मामा है गाडी में! शादी रुकी है!"

लॉरीवाल्याने वाकून आमच्या गाडीत पाहिलं. आत घामाघूम मामा, मागे खोकी, मांडीवर तुळस. त्याने मागच्याला ओरडून सांगितलं, "अरे, मामा को जाने दे!" मागच्याने त्याच्या मागच्याला सांगितलं. बघता बघता जकात नाक्यावर "मामा को जाने दो" सुरू झालं, हॉर्न वाजायला लागले, क्लीनर उतरून हात दाखवायला लागले. त्या अवाढव्य लॉऱ्या फूटभर, दोन फूट मागे सरकल्या, आणि चिंचोळी फट तयार झाली.

"डावी मोकळी!" आई ओरडली. "घ्या!"

बाबांनी बघितलंसुद्धा नाही. घेतली.

भांडुपला हॉलशी पोचलो तेव्हा माईकवरून गुरुजींचा आवाज येत होता, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं... मुलीचे मामा!" आत्या कमानीखाली उभी होती, चेहरा रडवेला. "खंय रवलंस रे मेल्या?" एवढंच म्हणाली आणि बाबांना ढकलत आत नेलं. बाबा नवरीचा हात धरून मांडवात आले तेव्हा त्यांच्या एका पायात चप्पल नव्हती. बारा एकवीस. रुखवतातल्या तुळशीचं एक पान माझ्याकडून मोडलं होतं. ते मी खाऊन टाकलं, कोणाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी आईने फॉर्म नेऊन दिला. नवा नाही, तोच, चहाच्या डागाचा. "राहू दे तो डाग," म्हणाली. जून संपेपर्यंत तिचं लायसन्स आलं.

पहिल्यांदा ती आमची गाडी काढणार त्या रविवारी आख्खी बिल्डिंग गॅलरीत उभी होती. शेठ तर खुर्ची घेऊन बसले होते. मी खाली उतरले आणि बघतच राहिले. डाव्या दाराला आरसा! बाबांनी आदल्या दिवशी कारखान्यात गाडी नेऊन, दाराला स्वतः भोक पाडून बसवला होता. कंपनीच्या गाडीला स्क्रू न लावणाऱ्या माणसाने चांगले दोन स्क्रू लावले होते. घरात कोणाला एक शब्द बोलले नव्हते. आताही आरशाकडे न बघता, रुमालाने बॉनेट पुसत होते.

आईने आरसा पाहिला. त्याला एकदा बोट लावलं, पदराने पुसला आणि उजव्या सीटवर जाऊन बसली. बाबा डावीकडे बसले आणि ऊन लागलं तसा तोच रुमाल कपाळावर धरला. गाडी दोनदा बंद पडली. दोन्ही वेळा वरून टाळ्या पडल्या. तिसऱ्यांदा सुरू झाली आणि आम्ही फाटकाशी आलो. तिथून डावीकडे वळायचं होतं. आईने इंडिकेटर दिला. नव्याकोऱ्या आरशात आख्खा रस्ता दिसत होता, मलासुद्धा मागून दिसत होता. रिकामा रस्ता. पण आई थांबूनच राहिली.

"अहो," ती म्हणाली. "डावीकडे?"

बाबांनी मान केव्हाच खिडकीबाहेर काढली होती. "थांब, सायकल आहे लांब. येऊ दे. येऊ दे... गेली. हां, डावी मोकळी. घे."

"अगं आई," मी मागून म्हटलं, "आरसा लावलाय ना आता!"

"तू मागची काच पूस," आई म्हणाली आणि तिनं गाडी डावीकडे घेतली.