चिमाबाईचा पवन्या

चिमाबाईबद्दल चांगलं बोलायला मला बरीच वर्षं लागली. अजूनही मनापासून जमतं असं नाही, पण झालं ते झालं तसं सांगतो.

मी रंगराव. पुण्यातल्या बंगल्यांच्या बागा सांभाळल्या आणि १९७० साली पिंपरीच्या एका कारखान्यात हेडमाळी म्हणून लागलो. हाताखाली चार बाया, चौघी रोजंदारीवर. कायम असा बागेत मी एकटा. गेटासमोरची हिरवळ माझ्या हातची होती. हरळीची काडी न् काडी लावून, वर रोलर फिरवून केलेली. पाहुणे आले की आमचे मॅनेजर दाते साहेब आधी हिरवळ दाखवायचे, मग मशिनं. मी कात्री घेऊन जवळपासच उभा राहायचो, म्हणजे ओळख करून देणं सोपं जावं.

चिमाबाई त्या चौघींतली. जवळच्याच गावची, नवरा गेलेला, पदरात दोन मुली. तिच्या गावाचं गायरान कारखान्यांखाली गेलं होतं. कमी बोलायची, आणि माझ्यापुढे बोलायचीच नाही, याचं मला बरं वाटायचं.

बाहत्तरच्या दुष्काळात बागेचं पाणी बंद झालं. पंधरा दिवसांत माझी हिरवळ पार करपली. गेटाच्या अंगाला मुरमाचा एक उतार होता, तो तर दर पावसाळ्यात रस्त्यावर यायचा. तिथे मी दोनदा हरळी लावली, दोन्ही वेळा मुरमाबरोबर वाहून गेली. पुढच्या जूनमध्ये चिमाबाई म्हणाली, "भाऊ, त्यो उतार मला द्या."

मी हसून दिला. म्हटलं, होऊ दे हसं.

गायरानाचा जो तुकडा उरला होता तिथून तिने डोक्यावरून पवन्याचे ठोंब आणले. पवन्या म्हणजे आपल्या माळावरचं साधं गवत, गुरं आवडीने खातात ते. एकदा धरलं की वर्षानुवर्षं हलत नाही. बागेत ते कुणी लावतं का? पण बाईने हात हात अंतरावर ओळीने लावलं. त्या पावसाळ्यात मुरमाचा एक खडा खाली आला नाही. दिवाळीपर्यंत गवत कमरेला लागलं, वाळून सोनेरी झालं आणि वारा आला की सगळा उतार एकदम हलायचा. सुंदर दिसायचं. हे मी तेव्हा कबूल केलं नसतं.

पाहुणे आता उताराकडे जाऊ लागले. "याला पाणी नको, खत नको," दाते साहेब सांगायचे, "आणि हे आमच्या चिमाबाईंचं काम." आमच्या चिमाबाई! तीन वर्षांत मला कधी 'आमचे रंगराव' म्हटलं नाही. वर साहेब म्हणाले, येत्या पावसाळ्यातही उतार टिकला तर बाईंना कायम करतो.

मला जेवण गोड लागेना. ती वाकून काम करताना दिसली तरी मी तोंड फिरवून दुसरीकडे जायचो.

एप्रिलमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, मी विडी पेटवली आणि तीच पेटती काडी उतारावर टाकली. गवत पार वाळलेलं, घटकेत सगळा उतार काळा झाला. धूर पेंट शॉपकडे गेला, घंटा वाजली, माणसं बादल्या घेऊन धावली. गेटावरच्या मीरासाहेब वॉचमनने मला काडी टाकताना पाहिलं होतं. त्याने साहेबांना तसं सरळ सांगितलं. त्याचीही चूक नाही.

कारखान्यात आग लावणारा माणूस त्याच दिवशी घरी जातो. मी साहेबांपुढे मान खाली घालून उभा होतो. तेवढ्यात न बोलावता चिमाबाई आत आली.

"साहेब, त्यास्नी काय बोलू नगा. पवन्या जाळावाच लागतो. आमी गायरानात जाळायचो. जुनं जळतं, मुळं जित्ती ऱ्हात्यात. मीच म्हनले व्हते त्यास्नी."

 साहेब म्हणाले, "विचारल्याशिवाय काडी लावायची नाही. आणि बाई, गवत परत आलं नाही, तर दोघांनाही घरी जावं लागेल."

म्हणजे तिने स्वतःची होऊ घातलेली कायमची नोकरी माझ्यासाठी पणाला लावली. मला उपकार वाटायला हवे होते. मला राग आला. आता ही चांगुलपणातही माझ्याहून वरचढ!

जूनअखेर काळ्या बुडख्यांतून कोंब फुटले. पोळ्यापर्यंत गवत आदल्या वर्षाहून दाट झालं. दाते साहेबांनी तिला कायम केलं आणि सगळ्यांसमोर माझ्याही पाठीवर थाप मारली. "रंगराव, तुम्ही जाळलंत ते फळलं."

संध्याकाळी मी तिला उताराजवळ गाठलं. "माझ्यासाठी खोटं का बोललीस?"

"तुमी घरी गेला असता तर तुमच्या पोरांनी काय खाल्लं असतं?" ती ठोंबातली काडी काढत म्हणाली. "आन् जाळायचं तर हुतंच. फकस्त तुमी घाई केली, भाऊ. महिनाभर थांबायचं. पाऊस टेकला की मग जाळायचं, म्हंजी उतार उघडा पडत न्हाई."

ती सगळं जाणून होती. टोमणा मारत नव्हती, खरोखर शिकवत होती. आणि पंचवीस वर्षं बागा केलेला मी, हेडमाळी, मान हलवून म्हणालो, "बरं. पुढच्या खेपेला तू सांगशील तेव्हा."