मागच्या भिंतीवरचे स्पीकर

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. नवऱ्यापुढे नाही, देवापुढेही नाही — देवापुढे उभं राहून गप्प बसणं किती सोपं असतं, तुम्हाला ठाऊक असेलच. बोरी गावात माझी पिठाची गिरणी आहे. दळण वेळेवर देते, उगाच बोलत बसत नाही. असली बाई टीव्हीच्या स्पीकरबद्दल कबुली द्यायला बसली म्हटल्यावर तुम्ही हसाल. हसा. मीही ते आधी हसण्यावारीच नेलं होतं.

माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणायची, हयातभर मेंढरांमागं फिरले. काचबिंदूनं डोळे गेले तेव्हा कळप विकला आणि घरात आले. पण कान! ऐन दुपारी मेंढरं बाभळींखाली बसली की हे मधोमध डोळे मिटून पडायचे, आणि चारी बाजूंच्या घंट्यांवरून कुठलं मेंढरू उठलं, कुठलं कडेला सरकलं ते सांगायचे. डोळे गेल्यावर तेच कान कामी आले. काठी टेकत एकटे मारुतीच्या पारापर्यंत जायचे. येणारा ट्रक मला दिसायच्या आधी त्यांना कळायचा.

गोविंद, माझा नवरा, पुण्यात कंपनीची बस चालवतो. घरात मोठा टीव्ही आला तेव्हा तो फोनवर म्हणाला, बाबांना दिसत नाही, आवाज तरी चांगला असू दे. त्यांना आवडेल तो घे. म्हणून मामांना घेऊन परभणीच्या दुकानात गेले. दुकानदारानं दोन्ही प्रकार समजावून सांगितले. साउंडबार म्हणजे टीव्हीखाली ठेवायची लांब पट्टी, एक वायर, विषय संपला. सराउंड म्हणजे पाच डबे — तीन समोर, दोन पाठीमागच्या भिंतीवर. त्यानं मामांना मधल्या खुर्चीत बसवलं आणि सराउंड लावला. पाखरांचा थवा होता. डावीकडून उठला, पाठीमागून गेला, उजवीकडं उतरला. मामांची मान त्याच्याबरोबर हळूहळू फिरत गेली, झोपेत कूस बदलावी तशी. त्या बंद खोलीत मला क्षणभर बाभळीची सावली हलल्यासारखी वाटली.

"माय," ते म्हणाले, "मी मधी बसलोय."

आणि मी काय बघत होते? वायरी. आमचं घर गिरणीला लागून. पीठ उन्हाच्या तिरिपेत तरंगत राहतं, मग सावकाश सगळ्यावर बसतं. पाच डबे रोज कोण पुसणार? बस — एवढंच होतं. मामांना बाहेर चहाला बसवलं आणि साउंडबार बांधून घेतला. गोविंदला कळवलं, मामांना पट्टीच आवडली.

घरी मामांनी पहिलं विचारलं, मागचे लावले का. मी म्हणाले, लावले की, उंचावर हायेत, हात लावू नका, वायर हाय. आंधळ्या माणसाशी खोटं बोलायला फार अक्कल लागत नाही.

ते रोज खुर्ची मधोमध ओढून बसायचे. मान तयार ठेवून वाट बघायचे. चार-पाच दिवसांनी म्हणाले, मागून काहीच येईना. तेव्हा मला एक वाक्य बोलायचं होतं — मागं काही लावलेलंच नाही, मामा. किती शब्द झाले? दळणाचा डबा उचलायलाही याहून जास्त दम लागतो. मी दुसरंच बोलले.

"येतंय की चांगलं. तुमचा कान मंद झाला असंल."

त्यांनी खुर्ची माझ्याकडं वळवली. मग हळू आवाजात म्हणाले, "गोविंदाला सांगू नको, माय. डोळ्याच्या टायमाला लेकरू लय पळलं. कानाचं कळलं तर नोकरी सोडून यील." आणि त्यांनी मला हात जोडले. सासऱ्यानं, सुनेला. मी म्हणाले, न्हाई सांगत.

त्यानंतर त्यांनी पारावर जाणं सोडलं. ट्रकचा भरवसा राहिला नाही, म्हणाले. काठी दारामागं उभी राहिली. तिच्यावरही पीठ बसायला लागलं. ती मात्र मी पुसायची.

मामांना जाऊन तीन वर्षं झाली. गोविंद दिवाळीला येतो, पट्टीवरून बोट फिरवतो, म्हणतो, बाबांच्या पसंतीचं एक तरी झालं. मी चहा ठेवायला उठते.

तुम्हाला वाटेल, सांगून झालं. नाही. मी अजून खऱ्या गोष्टीच्या अलीकडंच घुटमळतेय.

मामा गेले त्याच्या आदल्या फाल्गुनातली दुपार. लाइट गेलेली, गिरणी बंद. गिरणी बंद असली की आमच्या घरात अशी शांतता उतरते की आपणच पाण्याखाली बसलोय असं वाटावं. रस्ता आमच्या घराला वळसा घालून जातो — डाव्या अंगानं येतो, मागच्या खिडकीखालून जातो, उजवीकडं निघतो. त्या रस्त्यानं मेंढरं आली. कुणाची होती कोण जाणे. मोठा कळप होता. घंट्या, खुरांची सळसळ, मधेच एखादं कोकरू. मामा खुर्चीत ताठ झाले. मान डावीकडं वळली. मग मागं. तोंड थोडं उघडं.

"घंट्या वाजायल्यात का गं, माय?" त्यांनी विचारलं. "का मलाच भास व्हायलाय?"

मी हो म्हणाले असते तर? कान शाबूत निघाले असते. काठी दारामागून निघाली असती. आणि मग मागच्या भिंतीवर काय आहे, हेही निघालं असतं. हे सगळं मला तेव्हाच कळत होतं. नंतर सुचलेलं नाही हे.

"कुठं, मामा?" मी म्हणाले. "सगळं सामसूम हाय."

त्यांनी मान हलवली. पण चेहरा कळपाबरोबर उजवीकडं फिरतच होता, अगदी बरोबर, एकही मेंढरू न चुकता. म्हणून मी उठले आणि मागची खिडकी लावून घेतली. बाहेर धूळ होती. मी ती धुळीसाठी लावली नव्हती.