दैवशालाच्या वस्तीचा रस्ता

आमच्या ढोकीत वैजनाथची पांढरी गाडी माहीत नाही असा माणूस सापडायचा नाही. भाडी मारण्यात त्याचं उभं आयुष्य गेलं. बाळंतीण न्यायची असो की वऱ्हाड, वैजनाथला सांगितलं की माणूस निश्चिंत. मी त्याचा शेजारी, त्यामुळं त्याच्या फुशारक्याही सगळ्यांत जास्त मीच ऐकल्या. मुलीनं, वैष्णवीनं, गाडीत रस्ता दाखवणारं मशीन बसवून दिल्यावर तर स्वारी जमिनीवर नव्हती. खंडेनवमीला गाडीबरोबर मशीनलाही हळदीकुंकू लागायचं.

गेल्या उन्हाळ्यात त्यानं गाडीच्या सगळ्या काचांना चकचकीत फिल्म लावून घेतली. तेव्हापासून मशीन मधूनमधून मुकं व्हायचं. पण भाडी रोजच्याच रस्त्यांची, म्हणून त्यानं मनावर घेतलं नाही.

अशात एका सकाळी फोन आला. त्याची धाकटी बहीण दैवशाला वारली होती, छातीत कळ येऊन. तिचं सासर मुरुमच्या पलीकडं, कर्नाटकच्या हद्दीला लागून. सवाष्ण गेली की तिच्या अंगावर शेवटची साडी माहेरची पडते, आणि ती भावानं आणायची असते. आईवडील कधीच गेलेले, म्हणजे माहेर म्हणून हा एकटाच. हिरवी साडी घेऊन तो आणि तारामतीवहिनी तडक निघाले. उन्हामुळं दुपारपर्यंतच थांबता येईल, असं तिकडून सांगितलं होतं.

दैवशालाचं घर गावातून शेतातल्या वस्तीवर गेल्यापासून वैजनाथ तिकडं फिरकला नव्हता. वस्तीचा ठिकाणा वैष्णवीनं मशीनमध्ये घालून ठेवला होता, सगळी भिस्त त्यावर. मुरुम मागं पडलं, डांबरी संपली, आणि मशीन उपग्रहच शोधत बसलं. त्यानं ते बंद करून चालू केलं, वायर काढून घातली, धोतराच्या सोग्यानं पुसलं. शेवटी वैष्णवीला फोन लावला. गाडी एका जागी उभी करा, ती म्हणाली, हलवू नका, आणि तेवढ्यात रेंज गेली. उघड्या आभाळाखाली उभी करायची, मशीन काढून बॉनेटवर ठेवायचं, हे तिचं सांगणं राहूनच गेलं. भर उन्हात आमच्याकडचा कुठला ड्रायव्हर गाडी उघड्यावर लावतो? वैजनाथनं सवयीनं चिंचेची गर्द सावली गाठली आणि तिथं मशीनकडं बघत बसला. वर चिंच, काचेला फिल्म, बिचाऱ्या मशीनला दिसणार काय?

समोरून शेळ्या घेऊन एक बाई येत होती. तारामतीवहिनी म्हणाल्या, "इचारा की तिला."

"काय इचारू? माझी सख्खी भैन कुठं ऱ्हाती, असं?"

तो खाली उतरेना. शेवटी वहिनीच उतरल्या. बाईनं ओढ्यापलीकडं बोट दाखवलं. वस्तीचे पत्रे तिथूनच दिसत होते.

पोचले तेव्हा माती होऊन गेली होती. वाट बघून बघून जावेची नवी साडी नेसवून दैवशालाला नेलं होतं. वैजनाथ साडी हातात घेऊन दारात उभा राहिला. कुणी त्याला बोल लावला नाही. रस्ता सापडला नाही, एवढंच तो म्हणाला. दैवशालाची म्हातारी सासू गंगम्मा भिंतीला टेकून बसली होती.

"दरसाल पंचमीला ती त्या वळणावर जाऊन बसायची," म्हातारी म्हणाली. "अण्णा न्यायला येतो म्हणायची. उन्हं कलली की परतायची, अन् आमालाच समजवायची, भाड्याला गेला आसंल म्हनून."

यंदाच्या पंचमीला वैजनाथकडं भाडं सांगायला माणसं आली, त्यानं सगळी परत पाठवली. सकाळीच गाडी धुतली, अंघोळ करून धुतलेले कपडे घातले आणि किल्ली हातात धरून पायरीवर बसला. कुठं निघालास, असं माझ्या तोंडून निघून गेलं.

"आता कुठं जायचं?" तो म्हणाला.