डोळे मिटून पडलेली पोरगी

परवा सुतार दार दुरुस्त करायला आला नि त्याच्या पांढऱ्या गोंदाच्या वासानं मला लवळ्यातल्या आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहिलेल्या दोघी पोरी आठवल्या. एक घरं बांधायचं शिक्षण घ्यायची. सकाळी जायची ती दिवस मावळता यायची, आणि आल्यावर पुन्हा पुठ्ठ्याची घरं चिकटवत बसायची. दुसरी वकिलीची, ती दुपारी जेवायला घरी, आणि जेवली की डोळे मिटून आडवी. पहिली तिला म्हणायची, "तुझं कॉलेज म्हणजे देवळात जाऊन आल्यासारखं गं." ती नुसती हसायची. एकदा सकाळी आमची शेळी जिना चढली नि गॅलरीत वाळत ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या घराचं छप्पर खाऊन मोकळी झाली. दुपारी तेच घर कॉलेजात द्यायचं होतं. पोरगी पायरीवर बसून रडायलाच लागली. मी म्हटलं, "रडून छप्पर उगवतंय व्हय? ऊठ." तेवढ्यात वकिलीवालीनं हातातलं जाडजूड पुस्तक मिटलं, कॉलेज बुडवलं आणि पुठ्ठा कापायला बसली. घर वेळेत पोचलं. संध्याकाळी कळलं की, दुसऱ्या दिवशी वकिलीवालीचीच परीक्षा हाय. मग पहिली ते पुस्तक मांडीवर घेऊन तिला प्रश्न विचारायला बसली, तर पानं काही संपेनात. "एवढं सगळं पाठ करायचं? आणि तू दुपारी झोपतेस?" "झोपते कुठं, मनातल्या मनात म्हणत असते." पहिलीनं पान उलटून पुढचा प्रश्न विचारला. आता वरच्या खोलीत कुणी पोरगी भरदुपारी डोळे मिटून पडलेली दिसली, की मी मिक्सर लावत नाही, चटणी संध्याकाळवर ढकलते.