काच मळली की तारा विझला?

त्या हिवाळ्यात माझा जीव एकाच प्रश्नावर टांगलेला होता: तारा विझतोय, की आमची काच मळतेय?

अवकाशातल्या एका उपग्रहावर क्ष-किरण मोजणारा वर्णपटमापक आहे. त्यातून एका ताऱ्याकडे बघत मी पीएचडी करत होते आणि माझा तारा दर वर्षी थोडा थोडा मंदावत होता. खरंच मंदावत असेल, तर प्रबंध उभा राहणार होता. पण यंत्राच्या थंडगार खिडकीवर यानातल्याच गोंदाबिंदाची वाफ बसून पातळ थर साचत जातो आणि तो कमी ऊर्जेचे किरण गिळतो. म्हणजे माझा शोध नुसती घाण ठरायचीही शक्यता होती. पुण्याचे माझे सर हे दर फोनला अगदी आनंदाने ऐकवायचे.

यावर आमच्या गटाची रीत ठरलेली. फार पूर्वी फुटलेल्या एका ताऱ्याचे अवशेष आकाशात आहेत, त्यांचा प्रकाश वर्षानुवर्षं जवळपास तसाच राहतो. आम्ही त्यांना म्हातारी म्हणतो. अधूनमधून यंत्र म्हातारीकडे वळवायचं. ती मंद दिसली, तर दोष यंत्राचा. तिची हजेरी लागल्याशिवाय आपल्या ताऱ्याबद्दल तोंड उघडायचं नाही.

म्हातारीची नवी मोजमापं आली तेव्हा मी सुट्टीसाठी लखनौला, इंदिरा नगरच्या घरी होते. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला आई मटार सोलत होती, दुसऱ्या बाजूला माझा लॅपटॉप. धाकटी बहीण खांद्यावरून वाकून बघत होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र हिंदीच.

“दीदी, ये लाइन ऊपर क्यों जा रही है?”

थराने गिळलेला प्रकाश हिशेबात परत मिळवला, म्हणजेच थराची दुरुस्ती केली, की आलेखावर म्हातारीची रेघ सपाट यायला हवी होती. ती चक्क चढत होती. म्हातारी आता तरुण व्हायला लागली की काय?

“चहा टाकू का?” आईने विचारलं.

“थांब गं!” मी खेकसले. माझा स्वभावच तसा, लगेच उतू जाणारा.

आणि मग लक्षात आलं. नव्या फाइलींमध्ये ही दुरुस्ती उपग्रह चालवणाऱ्यांनी आधीच केलेली होती आणि मी सवयीने तीच पुन्हा केली होती. आमटीत दोघींनी मीठ टाकावं तसं झालं होतं. माझी दुरुस्ती काढली. रेघ एकदम सपाट!

आता तारा. दुरुस्ती एकदाच धरली, तरी रेघ उतरतच होती. विश्वास बसेना, म्हणून जास्त ऊर्जेचे किरण वेगळे काढले. त्यांना तो थर अडवतच नाही; तिथे म्हातारी पहिल्यापासून जशीच्या तशी होती. माझा तारा तिथेही मंदावत होता!

मी किंचाळले. बहीण “हो गया? हो गया क्या?” म्हणत उड्या मारायला लागली. सरांना फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं.

“दुरुस्ती एकदाच केलीस ना?”

“एकदाच, सर!”

“मग लिहायला बस.”

फोन ठेवून मी आईला ओढून उठवलं. “आई, तारा विझतोय! खरंच विझतोय!”

“अगं, तो बिचारा विझतोय,” आई म्हणाली, “आणि तू नाचतेस काय?”

ते ऐकून मला त्या ताऱ्याबद्दल पहिल्यांदाच वाईट वाटलं, पण पाय काही थांबेनात.